कूट, कोडे आणि किल्ली

परभणी जिल्ह्यातील बोरी हे ‘शिशुपाळवध’ आणि ‘उद्धवगीता’ या काव्यांचे कर्ते भास्करभट्ट यांचे गाव मानले जाते. ज्या महानुभाव पंथाचे ते आचार्य होते, त्या पंथाने पुढे आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपी उलगडली आणि पंथाबाहेरच्या वाचकाला मराठी गद्याचे एक बंद दालन खुले झाले. कूटरचनेचा विचार करताना आम्हांला प्रथम आठवते ती ही घटना, आणि लगेच शंकाही येते : ही लिपी म्हणजे कोडे म्हणावे काय?

आमच्या मते नाही. सकळ लिपीत एका अक्षराच्या जागी दुसरे चिन्ह येते. किल्ली सापडली की सारी पोथी एकदम वाचता येते, आणि सापडेपर्यंत वाचकाने कितीही डोके चालवावे अशी लिहिणाऱ्याची मुळीच इच्छा नसते. कोड्याचे नेमके उलट असते. खेड्यांत ज्याला ‘हुमाण’ म्हणतात, ते घालणाऱ्याला उत्तर लपवायचेही असते आणि समोरच्याला ते सापडावे असेही वाटत असते. म्हणून त्याची किल्ली कोड्यातच ठेवावी लागते.

अशी किल्ली ठेवण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. दंडीने ‘काव्यादर्शा’त प्रहेलिकेचे सोळा प्रकार सांगितले आहेत. भूतसंख्येची पद्धत तर शास्त्रग्रंथांतही रुळली होती : चंद्र म्हणजे एक, नेत्र दोन, वेद चार, बाण पाच, आणि अंक वाचायचे ते उजवीकडून डावीकडे. भास्कराचार्यांनी आपला जन्मशक असाच सांगितला आहे. आधी सहा रस, मग तीन गुण, मग पूर्ण म्हणजे शून्य, शेवटी एकच मही. उलट वाचले की १०३६, म्हणजे इ. स. १११४. येथे चमत्कृती आहे, पण मनमानी नाही. मही दोन आहेत असे कोणी म्हणू शकत नाही.

मोरोपंतांचे ‘निरोष्ठ रामायण’ याहून कठीण पेच घालते. ओठ जुळवावे लागतील अशी अक्षरे वर्ज्य केल्यावर प, फ, ब, भ यांबरोबर म-ही जातो. म्हणजे रामायणात रामाचे नावच घेता येत नाही! नायकाला आडवाटेने, त्याच्या नात्यांवरून आणि कुळावरून ओळखवावे लागते. (दंडीच्या ‘दशकुमारचरिता’त मंत्रगुप्त ओठ दुखावल्यामुळे अशीच ओष्ठ्यहीन कथा सांगतो. तेथे निदान कारण तरी रसिक आहे.) पंतांच्या या खटाटोपाला कसरत म्हणण्याची आपल्या टीकाकारांना सवय आहे. काव्य म्हणून ती कसरत असेलही. शब्द न उच्चारता तो सुचवण्याचे शिक्षण म्हणून मात्र तिचे मोल मोठे आहे.

चौकटींचे शब्दकोडे न्यूयॉर्कमध्ये १९१३ साली जन्मले आणि इंग्लंडमध्ये ते कूट झाले. ‘आफ्रिट’ या टोपणनावाने कोडी रचणाऱ्या रिची यांनी १९४९ मध्ये त्याचा नियम सांगितला. त्याचा भाव असा, की रचनाकाराने वाचकाला चकवावे, परंतु नेमके जे हवे ते त्याच्या शब्दांतून निघालेच पाहिजे. आपल्याकडे मात्र त्या सुमारास रोख बक्षिसांच्या कोड्यांची लाट होती. एका चौकटीत दोन शब्द सारखेच बसत आणि खरा कोणता ते लखोट्यातले उत्तर ठरवी. १९५५ चा बक्षीस स्पर्धा कायदा त्यातूनच आला आणि १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मुख्यतः कौशल्यावर अवलंबून नसलेल्या स्पर्धांपुरता मानला. दोन उत्तरे सारखीच खरी असणारे कोडे म्हणजे जुगार, हा निवाडा आम्हांला साहित्यशास्त्रातलाच वाटतो.

मराठीत कूट सूत्र रचताना अडचण येते ती अक्षराची. आपल्या चौकटीत वर्ण नव्हे, मात्रेसह संपूर्ण अक्षर बसते, त्यामुळे इंग्रजीसारखी अक्षरांची मोडतोड फारशी साधत नाही. पण उलटवणे साधते : ‘नदी’ मागे वळली की ‘दीन’ होते, ‘रमा’ उलटली की ‘मार’. लपवणेही साधते; ‘नवा मनसबदार’ यात वामन दडून बसला आहे.

आम्ही एकदा ‘नागवण’ हा शब्द घेतला. लूट, जबर नुकसान या अर्थाचा हा शब्द आता क्वचितच कानी पडतो. पहिले सूत्र सुचले ते असे : ‘नागोबाची खूण म्हणजे लुबाडणूक’. ते आम्ही टाकले. ‘नागोबा’त नाग उघडाच दिसतो, हा किरकोळ दोष, खरा दोष ‘खूण’ या शब्दाचा. प्रत्येक वण ही खूण असते, पण प्रत्येक खूण वण नसते, आणि वाचकाने खुणेवरून वणापर्यंत का यावे याला आमच्याकडे उत्तर नव्हते. दुसरे सूत्र ठेवले : ‘सर्पामागे व्रण, ही तर लूट (चार अक्षरे)’. यात ‘मागे’ हा शब्द क्रम सांगतो, ‘लूट’ अर्थ सांगते आणि ‘ही तर’ दोहोंना जोडते. ‘तर’ काढता येईल का, यावर आमचे अद्याप एकमत झालेले नाही.