छाट कलम : भामरागडच्या सांदवाडीतील अलिखित इतिहास

सारांश :

वनस्पतींच्या अभिवृद्धीचा इतिहास प्रामुख्याने बियाण्यांच्या आणि मोठ्या बागायती पिकांच्या अनुषंगाने लिहिला गेला आहे. घराच्या मागील अंगणात फांदी छाटून लावण्याची, म्हणजेच छाट कलमाची, घरगुती परंपरा मात्र या लेखनात जवळजवळ अनुपस्थित आहे. प्रस्तुत लेखात प्राचीन ग्रंथांतील उल्लेख, वसाहतकालीन वनप्रशासन आणि स्वातंत्र्योत्तर कायदे यांच्या आधारे या परंपरेचा मागोवा घेऊन, गडचिरोली जिल्ह्यातील भामरागड परिसराच्या संदर्भात तिचे ऐतिहासिक साधन म्हणून मूल्य तपासले आहे.

बीजसंज्ञा : छाट कलम, सांदवाडी, माडिया गोंड, जिवंत कुंपण, वनहक्क.

प्रस्तावना :

भामरागड हे इंद्रावती, पामुलगौतमी आणि पर्लकोटा या तीन नद्यांच्या संगमावर वसलेले तालुक्याचे गाव होय. हा प्रदेश पूर्वी चांदा जिल्ह्यातील अहेरी जमीनदारीत मोडत असे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. येथील बहुसंख्य माडिया गोंड समाजाचा समावेश महाराष्ट्रातील विशेष असुरक्षित आदिवासी समूहांत होतो. हेमलकसा येथे १९७३ साली सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पामुळे या परिसराचे नाव महाराष्ट्रभर परिचित झाले.

या प्रदेशाविषयी उपलब्ध असलेले लिखित साहित्य पाहिले असता त्यात साग, बांबू, तेंदूपाने, फिरती शेती, आरोग्य आणि शिक्षण या विषयांना स्थान मिळालेले दिसते. घराला लागून असलेल्या कुंपणबंद तुकड्याकडे, ज्याला झाडीपट्टीत सांदवाडी म्हणतात, अभ्यासकांचे लक्ष फारसे गेलेले नाही. मका, वाल, भोपळा, मिरची यांच्याबरोबरच मुनग्याचे एखादे झाड आणि रताळ्याचा वेल अशा सांदवाडीत सामावतात. यांपैकी मुनगा आणि रताळे घरोघरी पसरतात ते बहुधा बियांतून नव्हे, तर तोडून आणलेल्या फांदीतून वा वेलाच्या तुकड्यातून. हा व्यवहार कोणत्याही वहीत नोंदला जात नाही. म्हणूनच इतिहासाच्या अभ्यासकाने त्याची दखल घेणे आवश्यक ठरते.

ग्रंथपरंपरेतील छाट कलम :

फांदीपासून झाड करण्याची विद्या भारतात प्राचीन आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात सीताध्यक्षाची, म्हणजे कृषी अधिकाऱ्याची, कर्तव्ये सांगताना कांडबीजांचा उल्लेख येतो. उसासारख्या ज्या पिकांची कांडीच बी म्हणून लावली जाते, त्यांच्या कापलेल्या टोकांना मध, तूप, डुकराची चरबी आणि शेण यांचा लेप द्यावा, असा तेथे निर्देश आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदावर स्वतंत्र अध्याय असून त्यात फांदीला शेणाचा लेप देऊन लावावयाच्या झाडांची यादी दिली आहे. फणस, अशोक, केळ, जांभूळ, डाळिंब, द्राक्ष, महाळुंग आदींचा तीत समावेश होतो. सुरपालाच्या वृक्षायुर्वेद या ग्रंथाचे हस्तलिखित ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात असून नलिनी साधले यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद १९९६ साली प्रसिद्ध झाला.

या ग्रंथांचे वाचन चिकित्सक दृष्टीने होणे गरजेचे आहे. वराहमिहिराच्या यादीतील डाळिंब आणि द्राक्ष आजही छाट कलमाने सहज वाढतात. फणस आणि जांभूळ यांच्या फांदीला मात्र साध्या पद्धतीने मुळे फुटणे अवघड असते. याचा अर्थ ही यादी संपूर्णतः बागेतील अनुभवातून आलेली नसून तीत ग्रंथपरंपरेतून उतरलेला भागही असावा. ज्याच्या हातात कोयता होता त्याचे ज्ञान आणि ज्याच्या हातात लेखणी होती त्याचे ज्ञान, यांत अंतर पडत असे, एवढे यावरून निश्चित म्हणता येते.

लेखणी आणि फांदी यांचा एक संबंध मराठी भाषेतही जपला गेला आहे. मूळ अरबी आणि पुढे फारसीतून आलेला ‘कलम’ हा शब्द मराठीत लेखणी, कायद्यातील कलम आणि झाडाचे कलम अशा तिन्ही अर्थांनी रूढ झाला. छाट कलम, दाब कलम, गुटी कलम, भेट कलम ही परिभाषा त्यातूनच तयार झाली. पोर्तुगीज काळात गोव्यात आंब्याच्या कलमांना चालना मिळाली. विदर्भात संत्र्याची बाग डोळा भरण्याच्या पद्धतीवर उभी राहिली, तर रामटेकचा पानमळा वेलाच्या छाटावर. या पिकांना बाजार होता, म्हणून त्यांचा इतिहास टिकला. सांदवाडीतील मुनग्याला बाजार नव्हता, त्यामुळे तो कागदावर आला नाही.

वनखात्याची जडी आणि घरची फांदी :

१८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाल्यानंतर चांदा प्रदेश इंग्रजी अमलाखाली आला. १८५८ साली बाबुराव शेडमाके यांच्या नेतृत्वाखाली येथील गोंडांनी उठाव केला. १८६१ साली मध्य प्रांताची निर्मिती झाली. त्यानंतर १८६५, १८७८ आणि १९२७ च्या वनकायद्यांनी जंगलावरील सरकारी नियंत्रण क्रमाक्रमाने घट्ट होत गेले. आलापल्लीच्या सागवानी वनांना या व्यवस्थेत विशेष महत्त्व प्राप्त झाले.

सागाची लागवड हीसुद्धा एका अर्थाने छाटाचीच पद्धत आहे, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. सागाचे बी उगवण्यास वेळ घेते आणि सर्व बी एका वेळी उगवत नाही. म्हणून रोपवाटिकेत वाढवलेली सुमारे एक वर्षाची रोपे उपटून, खोडाचा अगदी थोडा भाग आणि मुख्य मूळ ठेवून बाकीचा भाग छाटला जातो. या तुकड्याला ‘सागजडी’ किंवा ‘स्टंप’ म्हणतात. पहारेने भोक पाडून पावसाच्या आरंभी ती लावली जाते.

एकाच हंगामात, एकाच गावात, छाटलेल्या झाडाचे दोन तुकडे मातीत जात असत. एक वनखात्याची जडी, दुसरी घरची फांदी. जडीची संख्या, क्षेत्र, मजुरी आणि जगण्याचे प्रमाण यांची नोंद ठेवणे हे खात्याचे कामच होते. फांदीची नोंद ठेवणारे कोणी नव्हते. दोहोंसाठी खड्डा खणणारे हात मात्र बहुधा त्याच गावचे होते. या प्रदेशाच्या कागदोपत्री इतिहासात साग ठळक आणि मुनगा अदृश्य का, याचे उत्तर झाडांच्या उपयुक्ततेत नसून नोंद कोणी ठेवली यात आहे.

माडिया समाजात पेंडा नावाची फिरती शेती प्रचलित होती. वनप्रशासनाने अशा शेतीवर निर्बंध आणले आणि वस्त्या स्थिर होत गेल्या. छाट कलमाच्या दृष्टीने या बदलाला महत्त्व आहे. दोन-तीन वर्षांनी जागा सोडावयाची असेल तर बियाणे सोयीचे, कारण ते गाठोड्यात बांधून नेता येते. फांदी लावणारा माणूस त्याच जागी राहण्याचे गृहीत धरतो. त्यामुळे सांदवाडीतील फांद्यांच्या झाडांची वाढ ही स्थिर वस्तीबरोबर झाली असावी, असे अनुमान काढता येते.

पद्धती आणि तिचे शास्त्र :

मुनग्याची लागवड करताना पक्व, मनगटाएवढी जाड आणि साधारण एक ते दीड मीटर लांबीची फांदी निवडतात. ती एक-दोन दिवस सावलीत ठेवून कापलेला भाग सुकू देतात. चाफ्यासारख्या चिकाच्या झाडाला हा काळ अधिक लागतो, अन्यथा ओल्या मातीत टोक सडते. खालचा छेद तिरपा आणि वरचा सरळ घेण्याची रीत आहे. त्यामुळे फांदीची खालची बाजू ओळखता येते. वरच्या टोकाला शेणाचा गोळा लावला की फांदीतील ओल टिकते. सुमारे एक तृतीयांश भाग जमिनीत जातो. रोहिणी ते मृग नक्षत्राचा काळ यासाठी योग्य मानला जातो, कारण मुसळधार पावसापूर्वी मुळे धरणे आवश्यक असते.

या रीतीमागील शास्त्र एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांत उलगडले. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ हरमान फोक्टिंग याने १८७८ साली दाखवून दिले की फांदी उलटी टांगली तरी मुळे तिच्या मूळच्या खालच्या टोकाकडेच फुटतात. १९२८ साली फ्रिट्झ वेंट याने वृद्धिसंप्रेरकाचे अस्तित्व प्रयोगाने सिद्ध केले. १९३५ च्या सुमारास ऑक्सिन गटातील द्रव्यांमुळे मुळे फुटण्यास चालना मिळते हे स्पष्ट झाले. कोवळ्या शेंड्यात व पानांत तयार होणारे हे संप्रेरक खाली वाहत येऊन छेदाजवळ साठते आणि तेथील पेशींपासून आगंतुक मुळे निर्माण होतात. तिरप्या छेदाने टोक ओळखण्याची घरगुती खूण आणि फोक्टिंगचा प्रयोग ही एकाच सत्याची दोन रूपे होत.

भूगोल आणि शेजार :

पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा आलापल्लीकडील रस्ता बंद पडतो आणि पलीकडील गावे बाहेरच्या जगापासून तुटतात, हा येथील अनेक दशकांचा अनुभव आहे. रोपवाटिकेतून रोपे आणून लावण्याचा हंगाम नेमका हाच असतो. वृक्षलागवडीच्या योजनांची आखणी मैदानी तालुक्यांचे रस्ते गृहीत धरून होते. ज्या गावापर्यंत जुलैमध्ये गाडी पोहोचत नाही, तेथे शेजाऱ्याचे झाड हीच रोपवाटिका ठरते. फांदीला पिशवी लागत नाही, पाण्याचा टँकर लागत नाही, खांद्यावर टाकून ती नाल्यापलीकडे नेता येते. छाट कलम येथे टिकले ते केवळ परंपरेच्या अभिमानाने नव्हे. या भूगोलात तेच परवडणारे तंत्र होते.

ही परंपरा बंदिस्त मात्र नव्हती. मिरची, रताळे, चाफा, मोगली एरंड, कुंपणाला लावली जाणारी बेशरम आणि हिरवळीच्या खतासाठी प्रसिद्ध असलेले गिरिपुष्प या सर्वांचे मूळ अमेरिका खंडात आहे. यांपैकी मिरची बियांतून वाढते, बाकीच्या साऱ्या वनस्पती फांदीतून वा वेलाच्या तुकड्यातून सहज येतात. सोळाव्या शतकापासून पुढे वेगवेगळ्या काळी समुद्र ओलांडून आलेल्या या वनस्पती शेकडो मैल आतल्या जंगलातील खेड्यांपर्यंत पोहोचल्या, त्या हातोहात दिलेल्या बियांच्या मुठींतून आणि फांद्यांतून. दुर्गम म्हणून ओळखला जाणारा प्रदेश जगाच्या देवाणघेवाणीबाहेर होता, या समजाला सांदवाडीचे कुंपणच छेद देते.

या पद्धतीची मर्यादाही नमूद केली पाहिजे. फांदीतून आलेले झाड मूळ झाडाचीच प्रत असते. गुण जसेच्या तसे उतरतात, तसेच दोषही. सर्व झाडे एकाच कुळीची असतील तर एकाच रोगाने ती सर्व जाण्याचा धोका असतो. म्हणून बियांची आणि छाटांची परंपरा परस्परपूरक राहणे हिताचे असते.

कायदा आणि कुंपणाची साक्ष :

एकविसाव्या शतकातील तीन कायद्यांनी या विषयाला नवे परिमाण दिले. २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याचा बियाणे जपण्याचा, वाटण्याचा आणि देवघेवीचा हक्क मान्य केला, आणि त्यातील बियाण्याच्या व्याख्येत शाकीय अभिवृद्धीचे साहित्यही येते. शेजारणीने दिलेली मुनग्याची फांदी अशा रीतीने कायद्याच्या भाषेत बियाणे ठरली. २००२ च्या जैविक विविधता कायद्यानुसार गावोगावी लोकजैवविविधता नोंदवही तयार करणे अपेक्षित आहे. या नोंदवहीत वनातील प्रजातींबरोबर सांदवाडीतील झाडे, ती कोणत्या घरून आली आणि ती लावण्याची रीत यांनाही जागा मिळावयास हवी.

तिसरा कायदा २००६ चा वनहक्क कायदा होय. गडचिरोली जिल्ह्यातीलच धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क प्राप्त झाल्याने या कायद्याच्या अंमलबजावणीत जिल्ह्याचे नाव अग्रभागी राहिले. वैयक्तिक दाव्यासाठी आदिवासी कुटुंबाला १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनचा ताबा सिद्ध करावा लागतो. २००८ च्या नियमांनुसार पुराव्यांत घर, झोपडी, जमिनीवरील कायमस्वरूपी सुधारणा आणि गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी नोंदवलेले कथन ग्राह्य धरले जाते. जिवंत कुंपणाचा त्यात स्वतंत्र उल्लेख नाही. तथापि, हद्दीवर ओळीने उभी असलेली, फांदीतून वाढवलेली झाडे आपोआप उगवलेली नसतात. ती कोणीतरी, कोणत्यातरी पावसाळ्यात, मुद्दाम लावलेली असतात. ‘ही फांदी अमक्या घरून, अमक्या साली आणली’ हे वडीलधाऱ्याचे कथन आणि समोर उभे असलेले झाड यांची सांगड घातली, तर ज्या कुटुंबाकडे कागद नाही त्याच्या बाजूने एक बोलका पुरावा उभा राहू शकतो. हे कथन करू शकणारी पिढी वृद्ध होत आहे. त्यामुळे ही नोंद पुढे ढकलता येण्याजोगी नाही.

निष्कर्ष :

१. छाट कलमाची विद्या प्राचीन ग्रंथांत नोंदलेली असली तरी तिचे प्रत्यक्ष सातत्य घरगुती बागेने राखले. ग्रंथातील नोंदी अनुभवाच्या कसोटीवर तपासूनच स्वीकारल्या पाहिजेत.

२. भामरागड परिसरात हे तंत्र टिकण्यामागे पावसाळी दळणवळणाचा अभाव आणि स्थिर झालेली वस्ती ही महत्त्वाची कारणे संभवतात.

३. वनप्रशासनाच्या दप्तरात सागजडीची नोंद झाली, सांदवाडीतील फांदीची झाली नाही. प्रादेशिक इतिहासलेखनाने हा असमतोल दूर करण्याची आवश्यकता आहे.

४. जिवंत कुंपण आणि त्यासंबंधीचे मौखिक कथन हे वसाहतीच्या इतिहासाचे, तसेच वनहक्क दाव्यांचे पूरक साधन म्हणून विचारात घेण्यासारखे आहे.

गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील महाविद्यालयांच्या इतिहास व वनस्पतिशास्त्र विभागांनी एकत्रितपणे विद्यार्थ्यांकडून आपापल्या गावातील अशा झाडांची वंशावळ लिहून घेतल्यास, अल्प खर्चात एक मोलाचा संग्रह तयार होऊ शकेल. अनेक विद्यार्थ्यांच्या घरामागेच त्याची पहिली नोंद उभी आहे.