नळी झिजली, साचा वाढवला



बडोद्याच्या एका श्रोत्यांनी मला विचारलं, ‘कर्नलसाहेब, आमच्या आजोबांची परवान्याची बारा बोअरची बंदूक आहे. हे बारा म्हणजे नक्की काय?’ प्रश्न साधा आहे, पण त्याच्या उत्तरातून आजचा अख्खा विषय निघतो.

बारा म्हणजे इंच नाही आणि मिलिमीटरही नाही. एक पौंड शिसं घ्या, त्याच्या बारा सारख्या गोल गोळ्या करा. त्यातली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसते, ती बारा बोअर. व्यास साधारण ०.७२९ इंच. पूर्वी कारागिराकडे सूक्ष्म मोजमापाची साधनं नव्हती, तराजू मात्र होता. म्हणून नळीचं माप वजनावरून सांगायचे.

आता चला अमेरिकेत, अठराव्या शतकातल्या पेनसिल्व्हेनियात. लँकेस्टरच्या आसपास जर्मन आणि स्विस वंशाचे बंदूक कारागीर लांब नळीच्या रायफली बनवत. नळीला आतून पीळदार खाचा. गोळी तेल-चरबी लावलेल्या कापडाच्या तुकड्यात गुंडाळून गजाने आत ढकलायची. कापड खाचांना धरून ठेवतं, गोळी फिरत बाहेर पडते आणि नेम लागतो. पण हे सगळं कधी? गोळी आणि नळी एकमेकांना बेताची असतील तेव्हाच.

म्हणून कारागीर रायफलीबरोबर गोळ्यांचा साचाही द्यायचा, त्याच नळीसाठी कापलेला. सांडशीसारखा दोन पाकळ्यांचा लोखंडी साचा. जंगलाकाठचा शेतकरी चुलीवर शिसं वितळवून घरीच गोळ्या ओतायचा. शेजाऱ्याचा साचा आपल्या रायफलीला चालेलच असं नाही.

आता खरी अडचण. त्या नळ्या मऊ लोखंडाच्या. काळ्या दारूची काजळी ओल धरते, तिने गंज चढतो. लाकडी गज हजारदा आतबाहेर होतो, तोंडाशी नळी घासते. काही वर्षांनी खाचा बोथट होतात आणि नेम जातो. सुरुवातीला माणूस जाड कापड वापरून वेळ मारून नेतो. तेही पुरेना, की रायफल कारागिराकडे.

कारागीर नळी फेकत नसे. लाकडी दांड्याच्या टोकाभोवती तो नळीतच शिसं ओतायचा. त्या शिशावर खाचांचा हुबेहूब ठसा उठायचा. मग त्यात पोलादाचं छोटं करवतीसारखं पातं बसवायचा आणि दांडा खाचांमधून मागेपुढे ओढायचा. पात्याखाली कागदाची एकेक पट्टी सारली की पातं केसभर वर येतं, खाच केसभर खोल होते. मधले उंचवटेही तसेच खरवडून साफ करायचे. नळी पुन्हा धारदार झाली, पण आतून थोडी मोठीही झाली. म्हणजे जुनी गोळी आता सैल.

मग साच्याची पाळी. कारागीर पोलादाची एक गोल गाठ करायचा, तिच्यावर कानशीने दाते पाडायचा आणि पाणी देऊन ती कडक करायचा. तिकडे त्याला ‘चेरी’ म्हणत, दिसायची तशीच. ती साच्याच्या दोन पाकळ्यांमध्ये धरून, पाकळ्या आवळत फिरवत राहायची. साच्याची पोकळी चेरीएवढी गोल आणि मोठी होते. झाला नव्या नळीचा नवा साचा.

हिशेब करून बघा. ०.४४ इंचाची गोळी ०.४५ इंचाची झाली. फरक शंभरांश इंचाचा, म्हणजे पाव मिलिमीटर. पण वजन वाढतं व्यासाच्या घनाने. पहिली गोळी साधारण ८.३ ग्रॅम, दुसरी ८.९. सात टक्के शिसं जास्त. पौंडात आधी ५४ गोळ्या व्हायच्या, आता ५१. जिथे शिसं लांबून विकत आणायचं आणि हरणाच्या देहातून गोळी काढून पुन्हा वितळवायची, तिथे तीन गोळ्या म्हणजे चेष्टा नव्हती. तरीही लोक साचा मोठा करून घेत, कारण चुकलेली गोळी सगळ्यात महाग.

इथे माझी एक चूक सांगतो. मी कॅप्टन होतो. फायरिंग रेंजवर एक जवान, एरवी चांगला नेमबाज, त्या दिवशी त्याच्या गोळ्या लक्ष्यावर विखरून पडत होत्या. मी त्याला सगळ्या कंपनीसमोर झापलं. तो ‘जी साब’ म्हणून गप्प राहिला. आमचा आर्मरर हवालदार हळूच म्हणाला, ‘साब, एक बार नली देख लें.’ त्याने गेज घातला. जिथे अडायला हवा, तिथून तो आत सरकला. नळी झिजली होती. ती बदलली आणि पुढच्या फायरिंगला त्याच जवानाच्या गोळ्या एका जागी बसल्या. मी त्याची माफी मागितली, पण एकट्यात. झापलं होतं सगळ्यांसमोर. हे आजही टोचतं.

आता आपल्या मातीवर येऊ. कंपनी सरकारच्या शिपायाकडे आधी होती ब्राउन बेस, साध्या गुळगुळीत नळीची. नळी ०.७५ इंच, गोळी सुमारे ०.६९. दीड मिलिमीटरची फट. गोळी भराभर आत जायची, चरबीची गरज नव्हती, नेमही तसाच सैल. मग आली १८५३ ची एनफिल्ड. नळी ०.५७७, गोळी ०.५६८. फट पाव मिलिमीटरही नाही. नळीला खाचा, आत काजळी, इतकी घट्ट गोळी गजाने ढकलायची, तर काडतुसाला वंगण हवंच.

मंडळी, १८५७ च्या जानेवारीत दमदममध्ये चरबीची बातमी फुटली, तिचं तांत्रिक मूळ या पाव मिलिमीटरमध्ये आहे. उठावाची कारणं पुष्कळ होती: खालसा केलेली संस्थानं, पगार-भत्ते, धर्म बुडण्याची भीती. वंगण ही ठिणगी. पण वंगण का लागलं, हे समजायचं तर गोळीचं माप पाहावं लागतं.

पुढचं ऐका. त्याच युद्धात हिंदुस्थानच्या उन्हात गोरे सैनिकच तक्रार करू लागले, की काही गोळ्या झाडल्यावर एनफिल्ड भरता येत नाही, गोळी मध्येच अडते. उपाय काय निघाला? गोळी लहान करा. ०.५६८ ची ०.५५ केली. तिच्या पोकळ बुडात लाकडी खुंटी असायची. दारू पेटली की खुंटी आत घुसते, शिसं फुगतं आणि खाचा धरतं. पेनसिल्व्हेनियात साचा वाढवावा लागला, इथे कमी करावा लागला. फरक एवढाच, की तिथे कारागीर वापरणाऱ्याच्या समोर बसून साचा कापत होता. इथे माप ठरलं समुद्रापलीकडे, आणि ज्याने काडतूस दाताने तोडायचं त्या शिपायाला कुणी विचारलंही नाही.

अशी फुगणारी गोळी कुणाला सुचली? त्याचा एक धागा दक्षिण हिंदुस्थानात येतो, असं सांगतात. तिथल्या शिकाऱ्यांच्या फुंकनळीतला बाण पाहून कॅप्टन नॉर्टनला ती कल्पना आली. ती गोष्ट पुढच्या भागात.

तोवर बडोद्याच्या मित्रांना एकच विनंती. आजोबांची बंदूक नुसती भिंतीवर ठेवू नका. परवाना चालू ठेवा, नळीला वर्षातून दोनदा तेल द्या. जय हिंद.