ब्रह्मा घाटावरची चूल आणि युरोपचा तक्ता

जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने जाहीर केले की देशाच्या एकूण स्थापित वीजक्षमतेपैकी निम्म्याहून किंचित अधिक क्षमता आता जीवाश्म इंधनांवर अवलंबून नाही. सुमारे ४८५ गिगावॅटपैकी अर्धी. पॅरिस करारानुसार २०३० साठी ठरवलेले उद्दिष्ट पाच वर्षे आधी गाठले गेले. बातमी खरी होती आणि अभिमान वाटावा अशीही. अशा बातमीपाठोपाठ युरोपशी तुलना ठरलेलीच असते. २०२३ सालच्या युरोपीय आकडेवारीत नवीकरणीय ऊर्जेचा हिस्सा स्वीडनमध्ये सुमारे ६६ टक्के, फिनलंडमध्ये ५१, डेन्मार्कमध्ये ४५, जर्मनीत २२, आणि संपूर्ण युरोपीय संघात साडेचोवीसच्या आसपास आहे. त्याशेजारी भारताचे ५० लिहिले की जर्मनी मागे पडली असे वाटते.

तसे झालेले नाही. युरोपचा आकडा एकूण अंतिम ऊर्जावापराचा आहे: वीज, घरे तापवणारी उष्णता आणि वाहनांचे इंधन, सारे धरून. भारताचा आकडा फक्त वीजनिर्मितीच्या यंत्रसामग्रीचा, तोही क्षमतेचा. सूर्य रात्री मावळतो आणि वारा पडतो, म्हणून त्या निम्म्या क्षमतेतून प्रत्यक्षात सुमारे पाव वीज येते; आणि वीज ही देशाच्या अंतिम ऊर्जावापराचा साधारण पाचवा भाग. जर्मनीतही विजेपुरता विचार केला तर नवीकरणीय हिस्सा निम्म्याहून अधिक आहे. तिचा आकडा २२ वर उतरतो तो घरांतील गॅस आणि रस्त्यांवरील तेलामुळे. तीन वेगळ्या प्रश्नांची तीन उत्तरे एका रांगेत मांडली की तक्ता देखणा दिसतो, एवढेच.

परंतु हा घोटाळा केवळ छेद आणि अंश यांचा नाही. ‘नवीकरणीय’ या शब्दात काय मोजायचे, हा प्रश्न त्याहून जुना आहे आणि तो समजून घ्यायला ऑस्लो किंवा कोपेनहेगनपेक्षा काशीतला ब्रह्मा घाट अधिक सोयीचा आहे.

पंचगंगा, दुर्गा घाट आणि ब्रह्मा घाट हा काशीच्या उत्तर भागातील सलग पट्टा मराठी माणसांना परका नाही. पेशव्यांना पूज्य असलेल्या नारायण दीक्षित पाटणकरांचे नाव अठराव्या शतकातील इथल्या घाटबांधणीशी जोडलेले आहे. दक्षिणेतून आलेली वैदिक घराणी, शास्त्री, क्षेत्रोपाध्ये आणि काशीवासासाठी आलेली वृद्ध माणसे या गल्ल्यांत स्थायिक झाली. गौड सारस्वतांच्या काशी मठाचे स्थानही याच घाटावर आहे. या वाड्यांची ऊर्जा कोठून येत होती? चुलीत लाकूड आणि गोवऱ्या, समईत तेल, जात्याला बायकांचे हात, पाण्याला घाटाच्या पायऱ्या चढणारे खांदे, नावेला वल्ही आणि शीड. आजच्या भाषेत नवीकरणीय हिस्सा जवळजवळ शंभर टक्के. स्वीडनला अजून न साधलेली गोष्ट पेशवाईतल्या काशीत साधलेली होती, असे कोणी म्हटले तर हिशेबात चूक काढता येणार नाही. शहाणपणात मात्र येईल.

याच शहरात १८२० ते १८३० या काळात जेम्स प्रिन्सेप टांकसाळीत धातुपरीक्षक म्हणून काम करीत होता. ब्राह्मी लिपी उलगडणारा म्हणून तो आपल्याला ठाऊक आहे. पंचगंगेवरच्या मशिदीचे खचू लागलेले मिनार सावरणारा आणि शहराचा भुयारी निचरा बांधणारा म्हणून काशीला ठाऊक आहे. पण रॉयल सोसायटीने त्याला सदस्यत्व दिले त्याच वर्षी, म्हणजे १८२८ मध्ये, तिच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला त्याचा निबंध उच्च तापमानाच्या मापनाविषयी होता. चांदी, सोने आणि प्लॅटिनम यांची ठरावीक प्रमाणांतील मिश्रणे वेगवेगळ्या तापमानांना वितळतात. भट्टीत अशा मिश्रणांचे लहान तुकडे ठेवायचे, कोणता वितळला आणि कोणता टिकला ते पाहायचे, आणि त्यावरून भट्टीचे तापमान ठरवायचे. मोजमापाची ही कल्पना आजही सुंदर वाटते. त्याने काशीची जनगणनाही केली. टांकसाळीतील भट्टीची आच इतक्या बारकाईने मोजली गेली त्या शहरात, काही अंतरावरच्या वाड्यांत रोज किती सरपण जळते आणि त्यातली किती उष्णता भातापर्यंत पोहोचते, हे मोजायचे कोणाला सुचले नाही. सुचणारही नव्हते. चूल हा शास्त्राचा विषय नव्हता, आणि नंतरची दीडशे वर्षेही तो फारसा झाला नाही.

म्हणून तो हिशेब आता करून पाहू. एका मध्यम कुटुंबाच्या स्वयंपाकाला भांड्यात प्रत्यक्ष पोहोचणारी उष्णता दिवसाला समजा ६ मेगाज्यूल लागते. साध्या चुलीची कार्यक्षमता १२ टक्के धरली, तर त्यासाठी ५० मेगाज्यूलचे लाकूड जाळावे लागते, म्हणजे सुमारे तीन किलो. गॅसच्या शेगडीची कार्यक्षमता ६० टक्के धरली, तर १० मेगाज्यूल पुरतात, म्हणजे सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास गॅस. १४.२ किलोचे सिलिंडर दोन महिने चालते, हा घरोघरचा अनुभव या गणिताशी जुळतो. आता त्या घराची नोंद राष्ट्रीय तक्त्यात कशी होईल ते पाहा. चूल विझून गॅस आला, तर ऊर्जावापर एक पंचमांशावर आला आणि नवीकरणीय हिस्सा शंभरावरून शून्यावर. पहिला आकडा वाचणारा म्हणेल, घर गरीब झाले. दुसरा वाचणारा म्हणेल, घर निसर्गविरोधी झाले. प्रत्यक्षात त्या घरातल्या बाईचे डोळे चुरचुरायचे थांबले.

हे काल्पनिक उदाहरण नाही. २०११ च्या जनगणनेत देशातील जवळपास निम्मी कुटुंबे मुख्यतः लाकडावर स्वयंपाक करीत होती. शेतकचरा आणि गोवऱ्या धरल्या तर सुमारे दोनतृतीयांश. १ मे २०१६ रोजी काशीच्या खालच्या अंगाला, गंगाकाठच्याच बलियात उज्ज्वला योजनेचा आरंभ झाला आणि पुढे कोट्यवधी घरांत गॅसजोडणी पोहोचली. जोडणी असूनही सिलिंडरच्या किमतीपायी चूल पुरती विझलेली नाही, हेही तितकेच खरे. चुलीच्या धुराकडे आरोग्यशास्त्राचे लक्ष वेधणाऱ्यांत कर्क स्मिथ यांचे नाव अग्रणी. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातेतील खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या श्वासातला धूर त्यांनी सहकाऱ्यांसह मोजला. प्रिन्सेपनंतर दीडशे वर्षांनी मोजमाप भट्टीपासून चुलीपाशी आले ते असे.

युरोपच्या तक्त्यातही लाकूड आहे, आणि थोडेथोडके नाही. अठराव्या शतकात इंग्लंडची निम्म्याहून अधिक ऊर्जा कोळशातून येत होती. स्वीडन-फिनलंडकडे तसे कोळशाचे साठे नव्हते, जंगले होती. आजही त्यांच्या मोठ्या आकड्यांमागे केवळ धबधबे आणि पवनचक्क्या नाहीत. कागदगिरण्यांत लगद्यातून उरलेला काळा द्राव जाळून मिळणारी उष्णता आहे, आणि लाकडाच्या चिपांवर चालणारी, नळांतून घरोघर गरम पाणी पाठवणारी शहरी केंद्रे आहेत. हे लाकूड आणि ब्रह्मा घाटाचे लाकूड रसायनशास्त्राच्या दृष्टीने एकच. फरक आहे तो बॉयलरमध्ये, धुराड्यात आणि गाळणीत. पोलंडची कथा तर अधिक बोलकी आहे. तेथे घरगुती सरपणाची नव्याने पाहणी झाली आणि देशाचा नवीकरणीय हिस्सा कागदोपत्री काही अंकांनी वर गेला. त्यासाठी एकही पवनचक्की उभारावी लागली नाही. लोक आधीही तेवढेच लाकूड जाळत होते, फक्त ते आता मोजले गेले.

कागदाची अशी किमया आपल्याकडेही घडली. ८ फेब्रुवारी १९१५ रोजी खोपोलीचे टाटा जलविद्युत केंद्र सुरू झाले. सह्याद्रीवर साठवलेले पावसाचे पाणी पाचशे मीटरांहून अधिक खाली सोडून मुंबईच्या कापडगिरण्या चालवायच्या, ही जमशेटजींची कल्पना त्यांच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी प्रत्यक्षात आली. नॉर्वेतील व्हेमोर्कचे तेव्हाचे जगातील सर्वांत मोठे जलविद्युत केंद्र १९११ चे; म्हणजे पांढऱ्या कोळशाच्या या शर्यतीत मुंबई इलाखा युरोपच्या फारसा मागे नव्हता. पुढे कोयना आली, टप्प्याटप्प्याने १,९६० मेगावॅटपर्यंत वाढली. तरीही ७ मार्च २०१९ पर्यंत सरकारी व्याख्येत कोयना नवीकरणीय नव्हती! पंचवीस मेगावॅटपर्यंतचे जलविद्युत प्रकल्पच तेवढे नवीकरणीय गणले जात. त्या दिवशीच्या मंत्रिमंडळ निर्णयाने मोठी धरणेही यादीत आली. कोयनेच्या टर्बाइनला अर्थातच काही कळले नाही.

व्याख्येबाहेर राहण्याला कारण होते, हेही विसरू नये. मुळशी खोऱ्यातील शेतकऱ्यांनी १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला तो याच स्वच्छ विजेसाठी बुडणाऱ्या जमिनींसाठी. नॉर्वेच्या आकड्यामागेही पाण्याखाली गेलेली खोरी आहेत, पण दर चौरस किलोमीटरला तिथे माणसे किती आणि मावळात किती, याचा रकाना तक्त्यात नसतो. काशीच्या दक्षिणेस सोनभद्र जिल्ह्यात १९६२ मध्ये रिहंद धरणाचे ३०० मेगावॅटचे जलविद्युत केंद्र सुरू झाले, तेव्हाही गावे उठली. मग त्याच जलाशयाच्या काठी कोळसा सापडलेला असल्याने औष्णिक केंद्रे उभी राहिली; १९८२ मध्ये एनटीपीसीचे पहिले केंद्र सिंगरौलीला सुरू झाले. आज जलाशयाच्या पाण्यातून मिळणाऱ्या विजेच्या कित्येक पट वीज त्याच पाण्याने थंड होणारी कोळसा केंद्रे देतात. रिहंदचे पाणी कोणत्या रकान्यात टाकायचे?

भौतिकशास्त्र जाणणाऱ्या वाचकासाठी आणखी एक खोच. प्राथमिक ऊर्जेच्या आंतरराष्ट्रीय हिशेबात पवनचक्कीतून आलेले एक युनिट एकच धरतात. अणुकेंद्रातून आलेल्या एका युनिटामागे ३३ टक्के कार्यक्षमता गृहीत धरून उष्णतेची तीन युनिटे, आणि भूगर्भीय उष्णतेतून आलेल्या एका युनिटामागे, वेगळी माहिती नसेल तर, दहा युनिटे मांडतात. त्यामुळे आइसलंडचा प्राथमिक ऊर्जावापर अवाढव्य दिसतो, तर अणुकेंद्र बंद करून तितकीच वीज वाऱ्यातून घेणाऱ्या देशाने ऊर्जाबचत केल्याचा भास होतो. फ्रान्सची जवळजवळ दोनतृतीयांश वीज अणूतून येते. कार्बन अत्यल्प, तरी नवीकरणीय तक्त्यात फ्रान्स मधल्या रांगेत बसतो. भारताचा ‘निम्मा’ मात्र बिगर-जीवाश्म असल्याने त्यात अणुऊर्जा धरलेली आहे. म्हणजे शब्दही एक नाही.

आणि हिश्श्यापेक्षा आधी विचारायचा प्रश्न: किती? २०२३-२४ मध्ये भारतात दरडोई वीजवापर १,४०० युनिटांच्या आसपास होता. नॉर्वेत तो वीस हजारांहून अधिक आहे. डेन्मार्क १९७३ च्या तेलसंकटात नव्वद टक्क्यांहून अधिक ऊर्जा आयात करीत होता, आणि तिथून वाऱ्याकडे वळला. पण वळताना त्याच्या घरांत उब आणि दिवे आधीच होते. भारताला हिस्सा आणि परिमाण दोन्ही एकाच वेळी वाढवायचे आहेत. अशा देशाचा हिस्सा काही वर्षे घसरला तर ते अपयशच असेल असे नाही, आणि चढला तर यशच असेल असेही नाही.

१२ मार्च २०१८ रोजी काशीशेजारच्या मिर्झापूर जिल्ह्यात दादर कलां येथे फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष मॅक्रॉन आणि पंतप्रधान मोदी यांनी ७५ मेगावॅटच्या सौर प्रकल्पाचे उद्घाटन केले. खोपोलीची क्षमता आज ७२ मेगावॅट. आकडे शेजारी बसतात, स्वभाव बसत नाही: खोपोलीचे पाणी संध्याकाळच्या गरजेसाठी राखून ठेवता येते, मिर्झापूरचे ऊन ठेवता येत नाही.

ब्रह्मा घाटाच्या गच्च्यांवरही ऊन भरपूर पडते. दर चौरस मीटरला दिवसाला सरासरी पाच युनिटांच्या आसपास, जर्मनीपेक्षा बरेच अधिक. तीन किलोवॅटच्या संचाला साधारण पंचवीस-तीस चौरस मीटर मोकळी गच्ची लागते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेली सूर्यघर योजना त्यासाठी अनुदान देते. पण येथे वाडे दाटीने उभे, एकाची सावली दुसऱ्यावर. गच्चीवर हक्क सांगणारे वारस अनेक. आणि वानरांचा उपद्रव तर काशीत कोणाला सांगायला नको. तेव्हा या गल्ल्यांतला स्वयंपाक सध्या ज्या गॅसवर होतो, त्यातला सुमारे साठ टक्के गॅस परदेशातून, मुख्यतः आखातातून, जहाजाने येतो. शाश्वत विकासाच्या सातव्या उद्दिष्टाखाली भारताच्या नवीकरणीय हिश्श्याची आंतरराष्ट्रीय नोंद होते तेव्हा चुलीतले लाकूड आणि गोवऱ्या त्यात अजूनही धरल्या जातात. आधुनिक नवीकरणीय ऊर्जेचा आकडा त्याच अहवालात वेगळा दिलेला असतो, आणि तो बराच लहान असतो.