माशांचें क्वारंटीन

क्वारंटीन हा शब्द ऐकतांच आपल्या मनांत बंदरें आणि गलबतें उभीं राहतात. १३७७ सालीं एड्रियाटिक समुद्रावरील रागुसा, म्हणजे हल्लींचें दुब्रोव्हनिक, या नगरानें प्लेगच्या प्रदेशांतून येणाऱ्यांस तीस दिवस शहराबाहेर ठेवण्याचा कायदा केला. पुढें तीसाचे चाळीस झाले. इटालियन भाषेंतील चाळीस या अर्थाच्या शब्दावरूनच हें नांव पडलें. आज मला सांगावयाचें आहे तें मात्र घरच्या कांचेच्या टाकींतील समुद्री माशांच्या क्वारंटीनविषयीं.

खाऱ्या पाण्याचें मत्स्यालय घरीं ठेवण्याची हौस इंग्लंडांत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास वाढली. १८५३ सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत मत्स्यगृह उघडलें. १८५४ सालीं फिलिप हेन्री गॉस यांचा ‘दि अ‍ॅक्वेरिअम’ हा ग्रंथ निघाला. पाणवनस्पति आणि जलचर यांचा समतोल साधला म्हणजे पाणी टिकतें, हें त्या पिढीस उमगलें. परंतु निर्मळ पाण्यांतही मासे कां मरतात, याचा उलगडा होण्यास पुढचें शतक उजाडावें लागलें.

१९३१ सालीं ब्राऊन यांनीं समुद्री माशांच्या कल्ल्यांवर वाढणाऱ्या एका सूक्ष्म परोपजीवी जंतूचें वर्णन प्रसिद्ध केलें. १९३७ सालीं जपानांत सिकामा यांनीं पांढऱ्या ठिपक्यांचा रोग वर्णिला. त्याच्या जंतूस क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स हें नांव १९५१ सालीं ब्राऊन यांनींच दिलें. दोहोंची रीत एकच. माशाच्या अंगावर पोसून जंतु गळून पडतो, कवच धारण करून तळाशीं बसतो, कवचांत एकाचे अनेक होतात, आणि ते नव्या माशाच्या शोधांत पोहत सुटतात.

खरी गोम येथेंच आहे. औषध लागू पडतें तें या पोहत्या अवस्थेंत. कवचांतील जंतूस तें बाधत नाहीं. म्हणून ठिपके गेले म्हणजे रोग गेला असें नव्हे. शत्रु कित्येक आठवडे तळाशीं दडून राहूं शकतो. औषध आपल्या ओळखीचें, मोरचूद. लिटरभर पाण्यांत तांबें सुमारें ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम हवें; कमी पडल्यास व्यर्थ, अधिक झाल्यास माशासच विष. म्हणून तें रोज मोजावें लागतें. शिवाय प्रवाळ व कोळंबी यांस तें मारक, आणि चुनखडीची वाळू तें शोषून घेते. तेव्हां उपचार वेगळ्या, मोकळ्या टाकींतच करणें प्राप्त आहे.

शिक्षक असतांना मी मुलांस मुंबईचें, १९५१ सालीं सुरू झालेलें तारापोरवाला मत्स्यालय दाखवीत असें. निवृत्तीनंतर घरीं टाकी मांडली. एके दिवशीं विकत आणलेला टवटवीत मासा त्याच सायंकाळीं तींत सोडला. आठवड्यांत ठिपके दिसले. पंधरवड्यांत नातवाच्या लाडक्या क्लाऊनफिशसह पांचही मासे गेले. दोष माझ्या उतावळेपणाचा होता.

आतां नवा मासा आमच्या घरीं सहा आठवडे निराळ्या टाकींत राहतो. “आजोबा, आज सोडायचा?” असें नातू रोज विचारतो. मी भिंतीवरील दिनदर्शिकेकडे बोट दाखवितों. रागुसाच्या कारभाऱ्यांस रोगजंतु ठाऊक नव्हते. थांबणें मात्र ठाऊक होतें.