बंजारा स्त्रीवेश

मराठवाड्यातील बंजारा (लमाण) स्त्रियांचा, निरनिराळ्या रंगांच्या व छापांच्या कापडांचे तुकडे जोडून घरीच हाताने शिवलेला पारंपरिक पोशाख. फेटिया (घागरा), पाठीवर बंदांनी बांधावयाची कांचळी व टुकरी (ओढणी) हे त्याचे घटक. निलंगा तालुक्यासह लातूर-नांदेडकडील तांड्यांत तो रूढ होता. बैलांवरून धान्य व मीठ वाहून नेणारा हा समाज भटका असल्याने शिवण स्त्रियांकडेच असे. तुकड्यांच्या जोडांवर भरतकाम केल्याने ते शोभिवंत व बळकटही होत. 1853 नंतर रेल्वेच्या विस्ताराने हा व्यापार खालावला व बंजारे स्थिरावले. पुढे साडी प्रचलित होऊन हा वेश मुख्यतः वृद्धा व सणसमारंभांपुरता उरला. आईकडून मुलीकडे येणारे शिवणकौशल्यही त्याबरोबर मागे पडत आहे.