रिकीब आणि फूटरेस्ट

आमच्या पुतण्यानें मोटारसायकल घ्यावयाचें ठरविलें, आणि तीही साधी नव्हे, तर जिला हल्लीं क्रूझर म्हणतात त्या लांबट व बसक्या जातीची. यवतमाळाहून पांढरकवड्यास त्याची रोजची जा-ये असते. एके रात्रीं जेवणें झाल्यावर त्यानें विचारलें, "काका, फूटरेस्ट पुढें असलेली घेऊं, कीं बैठकीखालीं असलेली? दुकानांतला माणूस म्हणतो, पाय पुढें सोडून बसण्यांत राजेशाही आहे." ज्याचें आयुष्य इतिहास शिकविण्यांत गेलें त्यास असा प्रश्न विचारणें म्हणजे आपण होऊन संकट ओढवून घेणें होय. आम्हीं घोड्यापासून आरंभ केला, व तो अर्ध्यांतच झोंपावयास गेला. वाचक त्याच्याहून अधिक सोशिक असतील या भरंवशावर तेंच उत्तर येथें पुरें करीत आहों.

स्वाराच्या पायाला आधार हवा, ही गोष्ट मनुष्यास फार उशिरां सुचली. घोडा माणसाळल्यावरही शतकानुशतकें स्वार पाय लोंबते सोडूनच बसत असे. सांची येथील प्राचीन शिल्पांत स्वाराच्या पायाचा अंगठा पट्ट्याच्या फासांत अडकविलेला दिसतो, व रिकिबीचा तो आरंभ असावा असें कित्येक पंडित मानतात. दोन्ही पायांची पुरी रिकीब चीनमध्यें चौथ्या-पांचव्या शतकांत दिसूं लागली आणि पुढें पश्चिमेकडे गेली.

रिकीब मिळाली, तशी ती लांब असावी कीं आखूड हा वाद उभा राहिला. स्पेनमध्यें तर दोन्ही पक्षांस नांवेंच पडलीं होतीं. चिलखती सरदार ज्या रीतीनें बसे तिला 'ब्रीदा' म्हणत: रिकीब लांब, पाय ताठ व पुढें रोंवलेले, पाठीमागें खोगिराची उंच भिंत. आफ्रिकेंतून आलेल्या मूर स्वारांची रीत ती 'हिनेता': रिकीब आखूड, गुडघा वांकलेला, पाय शरीराच्या खालीं. सरदाराला भाल्याचा आघात समोरून सोसावयाचा असे. म्हणून पाय पुढें रोंवून पाठ खोगिराच्या भिंतीला टेकविणें त्यास भाग होतें. मूर स्वाराला खडकाळ मुलुखांत घोडा एकाएकीं वळवावयाचा, रिकिबींत उभें राहून भाला फेंकावयाचा व तसेंच निसटावयाचें असे. तेव्हां या दोहोंतली एक रीत राजेशाही व दुसरी गांवठी असें मुळींच नव्हतें. धक्का कोणत्या दिशेनें येणार, एवढाच काय तो प्रश्न होता. पुढें बंदुकीनें चिलखत निकामी केलें, तरी लांब रिकिबीची ऐट युरोपच्या रिसाल्यांत रेंगाळलीच. १९०० च्या सुमारास काप्रिल्ली नांवाच्या इटालियन कप्तानानें रिकीब आखूड करून स्वाराचा भार घोड्याच्या पाठीवरून उचलून दाखविला, तेव्हां कोठें कुंपणावरून उडी मारण्याची आजची बैठक रूढ झाली.

आपल्या भाषेनें या बाबतींत आपला कौल केव्हांच देऊन ठेवला आहे, हें आमच्या फार उशिरां ध्यानांत आलें. 'रिकीब' हा शब्द अरबी, फारशीच्या वाटेनें आपल्याकडे आलेला. पण घोड्यावर बसण्याला मराठी मनुष्य जें म्हणतो तें 'मांड ठोकणें'. पक्का स्वार तो, ज्याची मांड पक्की. म्हणजे स्वारीचें मर्म तळपायांत नसून मांडींत आहे. आमच्या जिल्ह्यास हें शिकविण्याची गरज नाहीं. कान्होजी भोसल्यांचें ठाणें येथल्याच भाम गांवीं होतें, आणि अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत पुतण्या रघूजी यांनीं त्यांस पकडलें तेंही वणीजवळच्या मंदर येथेंच. (काका-पुतण्यांच्या गोष्टी या भागांत जपून सांगाव्या, असें आमच्या घरांतून सुचविण्यांत आलें आहे.)

मोटारसायकलीनें हाच वाद पुन्हा पहिल्यापासून खेळला. आरंभींच्या अमेरिकन गाड्यांना पाय ठेवावयास रुंद फळ्या असत. क्लच पायानें दाबावयाचा व गिअर हातानें टाकावयाचा. पायाच्या एका ठोकरीस एकच गिअर बदलावा ही युक्ति १९२८ च्या सुमारास इंग्लंडांत व्हेलोसेट कारखान्यांत निघाली, व हार्ले-डेव्हिडसननें १९५२ सालीं पायाचा गिअर स्वीकारला. पाय आतां हुकूम चालवूं लागला. तो शरीराखालीं असणेंच सोयीचें. परंतु १९५६ च्या कायद्यानें अमेरिकेंत लांब, रुंद व सरळ महामार्गांचें जाळें विणावयास घेतलें. तासन्‌तास एकाच स्थितींत बसलेल्या स्वाराचे गुडघे आंखडूं लागले. कॅलिफोर्नियांतल्या हौशी लोकांनीं फूटरेस्ट, ब्रेक व गिअर पुढच्या चाकाकडे सरकविले. १९६९ च्या 'ईझी रायडर' या चित्रपटानें ती ढब जगभर नेली, आणि पुढें कारखानेच तशा गाड्या काढूं लागले. ब्रीदा पुनश्च अवतरली ती अशी, सरळ रस्त्याच्या पोटीं.

आपल्याकडे ती पुण्याच्या बजाज कारखान्यानें २००१ मध्यें 'एलिमिनेटर'च्या व २००५ मध्यें 'अव्हेंजर'च्या रूपानें सर्वसामान्यांच्या आटोक्यांत आणली. अलीकडे रॉयल एनफिल्डनें तर दोन्ही पक्ष एकाच इंजिनावर उभे केले आहेत. २०२३ च्या 'सुपर मीटिअर'चे फूटरेस्ट पुढें, २०२४ च्या 'शॉटगन'चे बैठकीखालीं. दोहोंचें वजन सुमारें २४० किलो. पण पहिलीची बैठक जमिनीपासून ७४० मिलिमीटर, दुसरीची ७९५. पाय पुढें गेला म्हणजे बैठक खालीं उतरवितां येते, व सिग्नलला दोन्ही टांचा जमिनीला टेकतात. ठेंगण्या मनुष्यास हा मोठा मोह आहे. गंमत अशी कीं, त्याच ठेंगण्या मनुष्याला चालत्या गाडीवर पुढचा ब्रेक गांठावयास पाय ताणावा लागतो.

यांतला खरा तोटा मात्र दुकानांत उभ्या गाडीवर बसून कळत नाहीं. पाय पुढें असले म्हणजे शरीराचा भार पायांवर येतच नाहीं, तो सगळा माकडहाडावर येतो. खड्डा दिसला तर फूटरेस्टवर जोर देऊन क्षणभर उठतां येत नाहीं. गुडघे टाकीपासून सुटलेले, तेव्हां मांड ठोकणेंही नाहीं. समोरचा वारा छातीवर आदळतो व त्याला केवळ हात थोपवितात. सरदाराला आघात समोरून येई. आमच्या रस्त्यांवर तो खालून येतो. उलट पक्षीं, बुटक्या गाडीवर पाय खालीं ठेवले तर उंच मनुष्याचा गुडघा इतका मुडपतो कीं शंभर किलोमीटरनंतर तो सरळ करावयास दुसऱ्याची मदत लागावी.

आणखी एक गोष्ट आहे, व ती आम्ही मोल देऊन शिकलों. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाशीं व ब्रेक डाव्या पायाशीं असे. तसल्याच गाडीवर आमचीं वीस वर्षें गेलीं. एका श्रावणांत मित्राची पाय पुढें असलेली क्रूझर मागून आम्ही वणीकडे निघालों. वळणावर एकदम बैलगाडी समोर आली. डावा पाय वीस वर्षांच्या इमानानें खालीं जेथें ब्रेक असावयाचा तेथें आदळला. तेथें कांहींच नव्हतें. घाबरून हातांतला ब्रेक आवळला गेला, ओल्या काळ्या मातीवर पुढचें चाक सरकलें, व आम्ही चारीखालच्या नालींत. घोट्याला सहा आठवडे प्लास्टर होतें. त्यांत दोष गाडीचा नव्हता व मित्राचाही नव्हता. संकटसमयीं पाय डोक्याला विचारीत नाहीं, आणि म्हणून त्याची संवय मोडण्यापूर्वीं एक महिनाभर तरी ओळखीच्या रस्त्यावर हळू चालवावें, एवढें शहाणपण आम्हांस नव्हतें.

पुतण्या नागपुरास जाऊन दोन्ही गाड्यांवर बसून आला. उंची बेताची, जिल्ह्यांतल्या वाटा वळणावळणाच्या, पावसाळ्यांत शेतापर्यंत जाणें. त्यानें फूटरेस्ट खालीं असलेली घेतली. पूर्वीं स्वतःच्या घोड्यावर चाकरी करी तो शिलेदार व सरकारी घोड्यावरचा तो बारगीर. बँकेचे हप्ते फिटेपर्यंत आमचा हा स्वार बारगीरच म्हणावयाचा. परवां आम्हांस मागें बसवून त्यानें पांढरकवड्यास नेलें. करंजीपर्यंत त्याची मांड नमुनेदार होती. पुढें महामार्ग लागला, रस्ता रुंद व सरळ झाला, आणि पाहतों तों त्यानें दोन्ही पाय उचलून पुढच्या लेगगार्डवर ठेवले. आम्हीं त्याच्या पाठींत बोट खुपसलें. "काका, थोडा वेळच," तो म्हणाला, आणि पाय खालीं घेतले.