समलिंगी हक्क, आयर्लंडमधील

प्रौढ पुरुषांमधील संमतीच्या समलिंगी संबंधांना गुन्हा मानणारा कायदा १९९३ मध्ये रद्द करण्यापासून २०१५ मध्ये समलिंगी विवाहाला राज्यघटनेतच स्थान देण्यापर्यंत आयर्लंड प्रजासत्ताकाने टप्प्याटप्प्याने केलेली वाटचाल. कॅथलिक चर्चचा प्रभाव खोलवर असलेल्या आणि घटस्फोटावरील घटनात्मक बंदीसुद्धा १९९५ मध्ये निसटत्या बहुमताने उठवलेल्या या देशात ती घडली, म्हणून तुलनात्मक राज्यशास्त्रात तिला विशेष महत्त्व आहे.

मूळचे निर्बंध १८६१ व १८८५ च्या ब्रिटिश कायद्यांतले. भारतीय दंडसंहितेचे कलम ३७७ हेही त्याच व्हिक्टोरियन परंपरेतले. डेव्हिड नॉरिस या अध्यापकाने या कायद्यांना दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी फेटाळले. १९८८ मध्ये स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने मात्र त्यांच्या बाजूने निकाल दिला. तरीही तो अमलात आणण्यास सरकारांनी पाच वर्षे घेतली, पण न्यायमंत्री मॉयरा गेगन-क्विन यांनी आणलेल्या १९९३ च्या कायद्याने संमतीचे वय सर्वांसाठी सारखेच, म्हणजे १७, ठेवले. ब्रिटनमध्ये त्या वेळी पुरुषांमधील समलिंगी संबंधांसाठी ते २१ होते.

यानंतर रोजगारातील भेदभावास मनाई करणारा कायदा १९९८ मध्ये झाला आणि २०१० मध्ये नागरी भागीदारीचा, म्हणजे विवाह हे नाव न देता वारसा, कर, निवृत्तिवेतन आदी बाबतींत जोडप्याला मान्यता देणारा कायदा संसदेच्या कनिष्ठ सभागृहात मतविभागणीविना संमत झाला. या तडजोडीवरून चळवळीतच दोन तट पडले होते. हाती येईल ते घेऊन पुढे सरकावे, असे एका गटाचे म्हणणे होते. दुय्यम दर्जा एकदा स्वीकारला की तोच कायम होईल, असे दुसऱ्याचे. जोडप्यांच्या मुलांचा प्रश्न या कायद्याने अधांतरीच ठेवल्यामुळे दुसऱ्या गटाचा आक्षेप बिनबुडाचा नव्हता.

२०११ मध्ये सत्तेवर आलेल्या आघाडीत मजूर पक्षाला समलिंगी विवाहावर सार्वमत हवे होते, तर फिन गेल पक्ष कचरत होता. तेव्हा हा विषय घटना परिषदेकडे सोपवण्यात आला. परिषदेत एक अध्यक्ष, ३३ राजकारणी आणि यादृच्छिक पद्धतीने निवडलेले ६६ सामान्य नागरिक होते. डब्लिनजवळच्या मालहाइड येथील एका हॉटेलात हे सदस्य गोल टेबलांभोवती बसत, तज्ज्ञांबरोबरच सुधारणेच्या समर्थकांचे व विरोधकांचे म्हणणे ऐकत आणि मग आपापसांत चर्चा करत. एप्रिल २०१३ मध्ये ७९ टक्के सदस्यांनी सुधारणेच्या बाजूने कौल दिला. निर्णय टाळण्याची पळवाट म्हणून परिषदेवर टीका झाली होती, परंतु कचरणाऱ्या पक्षाला मागे न फिरता पुढे येण्याची सोय तिनेच करून दिली, हे मान्य करावे लागते.

दत्तकविधान व पालकत्व यांचा स्वतंत्र कायदा सार्वमतापूर्वीच, एप्रिल २०१५ मध्ये, करण्यात आला. विरोधकांच्या प्रचाराचा भर मुलांवरच राहिला, तरी मतदारांपुढील प्रश्न त्यामुळे विवाहापुरता उरला. २२ मे २०१५ च्या सार्वमतात सर्व प्रमुख पक्षांच्या पाठिंब्याने सुधारणा ६२.०७ टक्के मतांनी मंजूर झाली. रॉसकॉमन–साउथ लीट्रिम हा एकच मतदारसंघ विरोधात गेला. त्याच दिवशी राष्ट्राध्यक्षपदासाठीचे किमान वय ३५ वरून २१ करण्याचा प्रस्ताव मतदारांनी मोठ्या फरकाने फेटाळला, त्यामुळे लोकांनी सरकारच्या सांगण्यावरून डोळे मिटून शिक्का मारला असे म्हणता येत नाही.

आपण समलिंगी असल्याचे जानेवारी २०१५ मध्ये जाहीर करणारे मंत्री लिओ वराडकर २०१७ मध्ये पंतप्रधान झाले. त्यांच्या वडिलांचे मूळ गाव सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण तालुक्यातले वराड. जुन्या कायद्यांखाली शिक्षा झालेल्यांची आयरिश संसदेने जून २०१८ मध्ये, म्हणजे ते कायदे रद्द झाल्यावर पंचवीस वर्षांनी, जाहीर माफी मागितली.